रुग्णाच्या मापाची नळी

फुप्फुसावर शस्त्रक्रिया करायची म्हटली की सुरुवातीलाच एक पेच उभा राहतो. सर्जनला ज्या फुप्फुसावर काम करायचे आहे ते हलता कामा नये. हवा निघून ते पूर्ण मिटलेले असेल तर उत्तमच. पण रुग्णाचा श्वास तर तासन्तास चालू राहायला हवा. फुप्फुसे दोन असल्यामुळे हा पेच सुटतो. एकाला थांबवायचे आणि दुसऱ्यावर सगळा भार टाकायचा. कर्करोगाची गाठ असलेला फुप्फुसाचा भाग काढणे, अन्ननलिकेची शस्त्रक्रिया, छातीतली दुर्बिणीची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचे प्रत्यारोपण, अशा अनेक प्रसंगी भूलतज्ज्ञ हेच करतात.

त्यासाठी वापरतात ती ‘डबल ल्यूमेन ट्यूब’, म्हणजे एकाच नळीत शेजारी शेजारी दोन मार्ग. एक मार्ग मुख्य श्वासनलिकेत उघडतो, दुसरा थोडा पुढे जाऊन एका बाजूच्या शाखेत. बाहेरच्या टोकाशी कोणता मार्ग चालू ठेवायचा आणि कोणता बंद, हे भूलतज्ज्ञ ठरवतात. कोणत्या रुग्णाला कोणत्या मापाची नळी घालायची, हा निर्णय रुग्ण टेबलावर येण्याआधी घ्यावा लागतो. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो, पण शस्त्रक्रियेतली सुरक्षितता आणि नंतरचा घसा, आवाज, श्वास यांचे बरेच काही त्यावर अवलंबून असते.

पुवाच्या भीतीतून आलेली नळी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छातीच्या शस्त्रक्रिया बऱ्याचदा क्षयाने पोखरलेल्या किंवा पू साठून राहिलेल्या फुप्फुसांवर होत. रुग्णाला कुशीवर वळवून आजारी फुप्फुस वर घेतले की त्यातला पू खालच्या चांगल्या फुप्फुसात ओघळे. जे एकमेव फुप्फुस रुग्णाला तारणार, तेच भरून जाई.

१९३० च्या दशकात यावर उपाय सुचू लागले. अमेरिकेत जोसेफ गेल आणि राल्फ वॉटर्स यांनी नळी पुढे सरकवून थेट चांगल्या बाजूच्या शाखेत बसवली. इंग्लंडमध्ये आयव्हन मॅगिल यांनी आजारी बाजूच्या शाखेचे तोंड फुग्याने बंद करणारे अडसर वापरले. १९४९ मध्ये स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी दोन मार्गांची लवचीक रबरी नळी मांडली. तिचा मूळ हेतू शस्त्रक्रियेचा नव्हता. दोन्ही फुप्फुसांची क्षमता वेगवेगळी मोजायला ती बनवली होती. पण पुढच्याच वर्षी कार्लेन्स आणि सर्जन व्हायकिंग ब्योर्क यांनी फुप्फुस काढण्याच्या शस्त्रक्रियांत तिचा वापर करून पुवाचा फैलाव कसा रोखता येतो, हे दाखवले.

कार्लेन्स यांच्या नळीला एक छोटा आकडा होता. श्वासनलिका जिथे दोन शाखांत विभागते तिथल्या कडेवर तो अडकून बसे, त्यामुळे नळी जागची हलत नसे. स्वरतंतूंमधून नळी आत घालताना मात्र हाच आकडा आड येई. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या फ्रँक रॉबर्टशॉ यांनी तो काढून टाकला, आतले मार्ग रुंद केले आणि नळी लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणली. पुढे लाल रबराची जागा एकदा वापरून टाकायच्या पारदर्शक प्लॅस्टिकने घेतली. मापेही वाढली. आज २६, २८, ३२, ३५, ३७, ३९ आणि ४१ अशा आकड्यांच्या नळ्या मिळतात.

हे आकडे ‘फ्रेंच’ मापातले आहेत. पॅरिसमधले शस्त्रक्रियेच्या उपकरणांचे कारागीर जोझेफ शारिएर यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ केली. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तीनने गुणायचा. म्हणजे ३९ फ्रेंचची नळी १३ मिलिमीटर जाड. प्रौढांसाठी नेहमी लागणाऱ्या ३५ पासून ४१ पर्यंतच्या नळ्यांत शेजारच्या दोन मापांमध्ये पाऊण मिलिमीटरचाही फरक नाही, आणि त्यांचा सगळा पल्ला दोन मिलिमीटरचा आहे. माप निवडायचे म्हणजे या दोन मिलिमीटरांत योग्य जागा शोधायची.

डावीकडेच का?

नळीचे पुढचे टोक डाव्या शाखेत ठेवायचे की उजव्या, हा आधीचा प्रश्न. डाव्या बाजूची आणि उजव्या बाजूची अशा दोन्ही प्रकारच्या नळ्या मिळतात. तरीही बहुतेक शस्त्रक्रियांत, फुप्फुस कोणत्याही बाजूचे बंद करायचे असले तरी, डाव्या बाजूची नळी निवडतात.

याचे कारण शरीररचनेत आहे. उजवी मुख्य शाखा रुंद आणि सरळ उतरणारी असते, पण आखूड. साधारण दोन सेंटिमीटरांवरच तिच्यातून वरच्या खंडाकडे जाणारी वाट फुटते. काहींमध्ये ती वाट याहूनही वर निघते, क्वचित थेट मुख्य श्वासनलिकेतून. तिथे नळीचा फुगा फुगवला तर ही वाट बंद होण्याची भीती असते. म्हणून उजव्या नळीच्या फुग्यात खास खाच ठेवलेली असते, आणि ती खाच बरोबर त्या वाटेसमोर बसवावी लागते. डावी शाखा अरुंद आणि अधिक तिरकी असली तरी सुमारे पाच सेंटिमीटर लांब असते. नळी थोडी वरखाली झाली तरी तिथे सांभाळून घेता येते. डाव्या शाखेतच गाठ असेल, ती शाखा बाहेरून दबलेली असेल किंवा शस्त्रक्रियेत तीच कापायची असेल, तेव्हा उजव्या नळीकडे वळावे लागते.

लहान पडली तर, मोठी झाली तर

माप चुकले की त्रास होतो, पण दोन्हीकडचा त्रास वेगवेगळा.

नळी गरजेपेक्षा बारीक असेल तर तिचे टोक डाव्या शाखेत खोलवर सरकते आणि एखाद्या खंडाची वाट अडवते. शाखेच्या भिंतीशी मेळ बसावा म्हणून पुढच्या फुग्यात जास्त हवा भरावी लागते. या फुग्याला सामान्यतः ३ मिलिलिटरपेक्षा कमी हवा पुरते. त्याहून जास्त लागत असेल तर नळी लहान आहे किंवा नीट बसलेली नाही, असा संशय घ्यावा लागतो. ताठ फुगलेला छोटा फुगा एवढ्याशा जागेत जोराचा दाब देतो आणि शाखेची भिंत दुखावू शकतो. शिवाय मार्ग अरुंद झाला की हवेला होणारा विरोध झपाट्याने वाढतो. संथ प्रवाहात हा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली तर विरोध जवळजवळ दीडपट होतो. कफ आणि रक्त ओढून घेणेही अवघड जाते. आणि ज्या दुर्बिणीने नळीची जागा तपासायची ती दुर्बीणच आत जाईनाशी होते. ३५ फ्रेंचच्या नळीतला एकेक मार्ग सुमारे साडेचार ते पाच मिलिमीटरचा असतो. त्यातून साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची दुर्बीण लागते.

नळी गरजेपेक्षा जाड असेल तर पहिला फटका स्वरयंत्राला. दोन मार्गांची नळी साध्या नळीपेक्षा जाड आणि ताठ असते, त्यामुळे घसा दुखणे आणि आवाज बसणे मुळातच जास्त. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशी नळी घातलेल्यांपैकी ४४ टक्के रुग्णांचा आवाज बसला होता. साधी नळी आणि आतून अडसर वापरलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. क्वचित स्वरतंतूंना इजा होते. सर्वांत गंभीर, पण अत्यंत विरळ इजा म्हणजे श्वासनलिका किंवा तिची शाखा फाटणे. श्वासनलिकेच्या मागच्या बाजूला कूर्चेचे कडे नसते, नुसता पातळ पडदा असतो, आणि फाटते ते बहुधा तिथेच. ठेंगण्या चणीच्या स्त्रियांत हा धोका जास्त मानला जातो. जोर लावून पुढे ढकललेली नळी हे त्याचे एक कारण, आणि म्हणूनच अडली की जोर करायचा नाही, लहान माप घ्यायचे, हा या कामातला पक्का नियम आहे.

उंची, एक्स-रे आणि सीटी स्कॅन

मग माप ठरवायचे कसे? सर्वाधिक चालणारा ठोकताळा उंची आणि लिंग यांवर आधारलेला आहे. १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या स्त्रीला ३५, त्याहून उंच स्त्रीला ३७. १७० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या पुरुषाला ३९, त्याहून उंच पुरुषाला ४१. स्त्री १५२ सेंटिमीटरपेक्षा ठेंगणी असेल तर ३२ चा विचार करावा आणि पुरुष १६० पेक्षा ठेंगणा असेल तर ३७ चा.

हा ठोकताळा सोपा आहे, लक्षात राहतो आणि अनेकदा बरोबर येतो. पण उंचीवरून श्वासनलिकेची रुंदी खात्रीने कळत नाही. निरोगी प्रौढांच्या एक्स-रेवर श्वासनलिकेची आडवी रुंदी पुरुषांत १३ ते २५ मिलिमीटर आणि स्त्रियांत १० ते २१ मिलिमीटर अशी आढळते. एवढ्या पसाऱ्यात सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या नलिका बऱ्याच वेगळ्या असू शकतात. बांगड्या भरताना कासार बाईची उंची विचारत नाही, हात दाबून पाहतो, कारण बांगडीला बोटांच्या सांध्यांवरून जायचे असते आणि बसायचे असते मनगटावर. या नळीचेही तसेच आहे. तिला स्वरयंत्राच्या अरुंद फटीतून सुखरूप उतरायचे आहे, पण नेमके बसायचे आहे डाव्या शाखेत. दोन्ही जागा विचारात घेतल्याशिवाय माप ठरत नाही.

म्हणून काही तज्ज्ञांनी रुग्णाच्या फाइलीत असलेल्या छातीच्या एक्स-रेकडे लक्ष वळवले. स्टॅनफर्डचे जे ब्रॉडस्की आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये साधी पद्धत मांडली. एक्स-रेवर गळपट्टीच्या हाडांच्या पातळीवर श्वासनलिकेची रुंदी मोजायची. १८ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ४१, १६ पासून पुढे ३९, १५ पासून पुढे ३७ आणि १४ किंवा कमी असेल तर ३५. डाव्या शाखेची रुंदी साधारणपणे मुख्य श्वासनलिकेच्या दोन-तृतीयांश असते, हा त्यामागचा आधार.

सीटी स्कॅनमुळे अंदाजाचीही गरज कमी झाली. छातीच्या शस्त्रक्रियेआधी बहुतेक रुग्णांचा स्कॅन झालेलाच असतो. डाव्या शाखेची रुंदी त्यावर थेट मोजता येते. नळीचे टोक त्या रुंदीपेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान असावे, म्हणजे न फुगवलेल्या फुग्याला आणि त्याभोवतीच्या हवेला जागा उरते. एक अडचण इथे राहतेच: एकाच आकड्याच्या नळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तर पुढच्या टोकाची जाडी सारखी असेलच असे नाही. त्यामुळे आपल्या कपाटातल्या नळीचे टोक प्रत्यक्षात किती जाड, हे त्या विभागाला ठाऊक असावे लागते.

भारतीय शरीर आणि भारतीय आजार

इथे आपल्याकडचा प्रश्न येतो. वर दिलेले ठोकताळे मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांच्या अनुभवातून आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे उंचीच्या ठोकताळ्यातली जी सर्वांत खालची पायरी, अपवादासाठी ठेवलेली, तिच्या आसपास आपल्याकडची सर्वसाधारण स्त्री येते. अशा रुग्णाला ‘बायकांना ३५’ एवढ्या सवयीवर नळी निवडणे पुरेसे नाही. छातीच्या शस्त्रक्रिया होतात तिथे ३२ आणि २८ ची नळी, आणि तीतून जाणारी बारीक दुर्बीण, हाताशी असायलाच हवी. ३२ च्या नळीत नेहमीची दुर्बीण अडते, म्हणून नळी आणि दुर्बीण यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

आजारांचेही तसेच. ज्या पुवाच्या भीतीतून ही नळी जन्मली ती भीती पाश्चात्त्य देशांत बरीच मागे पडली असेल, आपल्याकडे ती संपलेली नाही. क्षयाने निकामी झालेले फुप्फुस, क्षयाच्या जुन्या पोकळीत वाढलेली बुरशीची गाठ, बेडक्यातून वारंवार पडणारे रक्त, फुप्फुसाच्या आवरणात साठलेला पू, हायडॅटिड सिस्ट (परजीवी कृमीमुळे होणारी द्रवाने भरलेली गाठ), असे रुग्ण महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयांत आजही शस्त्रक्रियेला येतात. अशा वेळी एका फुप्फुसातला पू किंवा रक्त दुसऱ्यात जाऊ न देणे हे सर्जनच्या सोयीपेक्षा कितीतरी मोठे काम असते. रुग्णाचा जीव त्यावर असतो. शिवाय क्षय बरा होताना उरलेला व्रण श्वासनलिकेला एका बाजूला ओढतो, कधी डावी शाखा मुडपते किंवा आक्रसते. बाहेरून उंच, धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या आतली वाट अशी वेडीवाकडी असू शकते. ती दिसते फक्त स्कॅनवर, आणि तो स्कॅन सर्जनइतकाच भूलतज्ज्ञाने स्वतः पाहिला तर.

मोठी की लहान, हा वाद

कित्येक वर्षे शिकवण अशी होती की बसेल ती सर्वांत मोठी नळी घ्यावी. तिच्यामुळे विरोध कमी, सफाई सोपी आणि टोक खोल सरकण्याची भीतीही कमी. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधल्या भूलतज्ज्ञांनी या शिकवणीची परीक्षा घेणारा अभ्यास प्रसिद्ध केला. उंची किंवा लिंग काहीही असो, ३५ फ्रेंचची नळी वापरलेल्या रुग्णांची तुलना त्यांनी नेहमीच्या पद्धतीने माप निवडलेल्या रुग्णांशी केली. शस्त्रक्रियेदरम्यान रक्तातला ऑक्सिजन घसरणे, फुप्फुस नीट न मिटणे, नळी पुन्हा जागेवर आणावी लागणे, यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

यावरून ‘सर्वांना ३५ चालते’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तो अभ्यास अनुभवी हातांनी, दुर्बीण जवळ असताना केलेला आहे, आणि पुवाने भरलेल्या फुप्फुसात बारीक मार्गाची किंमत वेगळी असते. पण त्यातून एक गोष्ट नक्की कळली. मोठ्या मापाच्या हट्टापायी स्वरयंत्र दुखावण्याची गरज नाही, आणि दोन मापांमध्ये मन घुटमळत असेल तर लहान माप घेऊन ते काळजीपूर्वक बसवणे हा कमीपणा नव्हे.

बसली का, हे डोळ्यांनी पाहणे

बरोबर निवडलेली नळी चुकीच्या जागी बसली तर निवडीचा उपयोग नाही. खोलीचाही एक ठोकताळा आहे: १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसात डावी नळी दातांपाशी २९ सेंटिमीटरच्या खुणेवर असावी आणि उंचीतल्या दर दहा सेंटिमीटरमागे एक सेंटिमीटर वाढवावे किंवा घटवावे. म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीत २७. त्यानंतर एकेक मार्ग बंद करून, स्टेथोस्कोपने दोन्ही बाजूंचे श्वास ऐकून जागेची खात्री करायची, ही जुनी रीत.

ही रीत पुरेशी नाही हे १९८० च्या दशकातच दिसून आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कानांनी ‘बरोबर’ ठरवलेल्या नळ्या दुर्बिणीने पाहिल्यावर जवळजवळ निम्म्या थोड्याफार चुकीच्या जागी निघाल्या. म्हणून आज दुर्बिणीने पाहणे हा शिरस्ता आहे. पुढच्या टोकाचा निळा फुगा डाव्या शाखेत, दुभाजक कडेच्या जरा खाली, दिसला पाहिजे आणि उजव्या वरच्या खंडाची वाट मोकळी दिसली पाहिजे. आणि हे एकदा पाहून भागत नाही. रुग्णाला कुशीवर वळवले की नळी सरकते. मान पुढे झुकली की ती आत जाते, मागे गेली की बाहेर येते. म्हणून कुशीवर घेतल्यावर पुन्हा पाहायचे.

माप बरोबर आहे की नाही, हेही इथेच पक्के होते. नळी अडथळ्याशिवाय उतरली, पुढचा फुगा न फुगवता बाजूने थोडी हवा निसटते आहे आणि एक-दोन मिलिलिटर हवेत ती गळती थांबते, म्हणजे माप जमले. फुगा न फुगवताही हवा निसटत नसेल तर नळी जाड आहे.

काही रुग्णांत ही नळीच योग्य नसते. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना सर्वांत लहान, २६ ची नळीही मोठी होते. तोंड नीट न उघडणारे, मानेत आधीच छिद्र असलेले किंवा नळी घालायलाच कठीण असलेले रुग्ण यांतही ही नळी घालणे अडचणीचे. तिथे साध्या नळीतून फुग्याचा अडसर, म्हणजे ‘ब्रॉन्कियल ब्लॉकर’, आत सोडून नको असलेली शाखा बंद करतात. मॅगिल यांचीच कल्पना नव्या रूपात परत आली आहे.

रुग्णाने काय सांगावे

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा घाईने ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळे होऊ नये. पूर्वी भूल घेताना नळी घालायला त्रास झाला होता का, घशात कधी छिद्र पाडून नळी बसवली होती का, क्षय झाला होता का, आवाज अलीकडे बदलला आहे का, दात हलतात का, हे सांगावे. जुने एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी बरोबर न्याव्यात. नुसता अहवाल पुरत नाही, कारण मोजमाप चित्रावर करायचे असते. गायक, शिक्षक, कीर्तनकार अशा आवाजावर पोट असणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावे. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस घसा दुखणे अपेक्षित असते. आवाज बसलेलाच राहिला, गळ्याच्या किंवा छातीच्या त्वचेखाली हवा भरल्यासारखी फुगवटी आली किंवा खोकल्यातून रक्त पडू लागले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

नळीच्या मापाचे एकच बिनचूक कोष्टक आजवर कुणाला करता आलेले नाही आणि बहुधा येणारही नाही, कारण प्रत्येक छातीतली वाट वेगळी असते. म्हणून ठोकताळ्याने सुरुवात करावी, रुग्णाच्याच चित्रावर मोजावे, लहान माप कपाटात तयार ठेवावे आणि शेवटी दुर्बिणीने पाहून खात्री करावी. या चारही गोष्टींना मिळून काही मिनिटे लागतात. महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयापासून मोठ्या कर्करोग केंद्रापर्यंत, जिथे जिथे छाती उघडली जाते तिथे प्रत्येक रुग्णाला ही मिनिटे मिळाली पाहिजेत.